विजूची माळ

दर रविवारी विजूची मान घासायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या पडवीलगतच्या न्हाणीत तिला पाठमोरी बसवायची, नारळाच्या सोडणाचा पिंजून मऊ केलेला काथ्या घ्यायचा, त्यावर डाळीचं पीठ आणि दही, आणि तिच्या मानेमागचा काळा पट्टा घासत राहायचं. पट्टा काही जायचा नाही. कातडी लाल व्हायची, विजू 'पुरे गो ताई' म्हणून पाय आपटायची, आणि आई आतून विचारायची, निघाला का मळ? मी म्हणायची, थोडा निघाला. तो कधीच निघाला नव्हता. पण मुलीची मान काळी म्हणजे घरातल्या बायकांना तिला धड आंघोळ घालता येत नाही, असा आमच्याकडे सरळ अर्थ होता, आणि आईला त्याची फार लाज वाटायची. लग्नकार्याला जायचं झालं की विजूच्या गळ्याशी पावडरचा थर बसायचा. तो मळ नव्हता, अंगातलं साखरेचं गणित बिघडलं की मानेवरची आणि काखेतली कातडी अशी काळी, जाड होते, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पोरांच्या वहीतली काना-मात्रेची चूक मला चार हातांवरून दिसायची. सख्ख्या बहिणीच्या मानेवर जे स्पष्ट दिसत होतं ते मात्र मी काथ्याने घासत बसले.

आमचं घर चौलच्या बाजूला, समुद्रापासून इतकं जवळ की गाज ऐकू येणं हे आम्हाला ऐकू येणंच वाटत नसे. घरामागे नारळ-पोफळीची वाडी. पिकलेली सुपारी न्हाणीच्या पत्र्यावर पडली की टण्ण असा आवाज व्हायचा, आणि पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. नाना, म्हणजे आमचे वडील, अलिबागला पंचायत समितीत कारकून होते. पहाटे वाडीला पाणी लावायचं, मग आंघोळ, मग आठची एस.टी. घरात आई, आम्ही दोघी आणि काकी. काकी म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची, आप्पाकाकांची बायको. आप्पाकाका गेले तेव्हा तिचं वय तिशीच्या आतबाहेर होतं, मूलबाळ नव्हतं, आणि तेव्हापासून चूल तिच्या ताब्यात होती. आई मऊ होती, पटकन हो म्हणणारी. ती नानांच्या सख्ख्या मामाची मुलगी, त्यामुळे सासर-माहेर असा तिला फरकच नव्हता. काकी बाहेरून आलेली, आणि सगळं आयुष्य तिने बाहेरून आल्यासारखंच काढलं.

काकीच्या हाताला चव होती. तांदळाची भाकरी अशी की चुलीतून काढताना फुगलेली, ताटात येईस्तोवर बसलेली. वालाचं बिरडं, सोड्यांचा भात, कोलंबीचं सुकं, आणि बोंबील ओले असोत की सुके, ते आमच्याकडे आठवड्यातून चारदा. आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो, कारण विजू एकटी जेवायला बसली की अर्ध्यावर उठायची आणि माझ्याबरोबर असली की स्पर्धा लावायची. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी अंगाने चांगली भरलेली, गावातली पोरं मला भोपळा म्हणायची. विजूचे हातपाय काटकुळे, आणि मध्ये तेवढं पोट सुटलेलं. त्या पोटाचं घरात कौतुक होतं. बारीक आहे पण खाल्लेलं अंगी लागतंय, असं आई चार बायकांत सांगायची. कुणाला आजारी पडायचं असेल तर ते मी पडायला हवं होतं. तेच ताट, तोच भात, उलट माझे घास मोठे. तरी माझं यकृत आजही स्वच्छ आहे. रिपोर्टवर तसं लिहून आलं तेव्हा मला त्याचा आनंद झाला नाही.

आप्पाकाका मला थोडे आठवतात. ते मुंबईत एका गोदामात कामाला होते, खोली करून राहायचे, आणि शेवटी गावी आले ते पोट फुगवून घेऊनच. ओसरीवर उशीला टेकून बसलेला पिवळट माणूस, पाय सुजलेले, आणि धोतरावरचं ते टरटरलेलं पोट. जलोदर, असं वैद्य म्हणाले. जलोदर कशाने होतो ते गावाला ठाऊकच होतं. मुंबईत एकटा राहणारा माणूस, लिव्हर गेली, म्हणजे बाटली. काकी ज्याला त्याला सांगायची की ह्यांनी आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही. लोक मान डोलवायचे आणि वळणावर गेले की हसायचे. नवऱ्याची झाकणारच ती, असं म्हणायचे. गावाचं सोडा, नानांचासुद्धा तिच्यावर विश्वास नव्हता. म्हणून तर बाहेरच्या खोलीत आजोबांचा फोटो होता, आजीचा होता, आप्पाकाकांचा नव्हता. तो काकीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली.

विजू दहा वर्षांची असताना तिला उजव्या बाजूला, बरगडीखाली दुखायला लागलं. खेळताना मध्येच ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आधी ओवा झाला, मग हिंग झाला, आणि मग नाना तिला अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते, म्हणून मलाही नेलं. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी विजूचं पोट बराच वेळ दाबून पाहिलं, रक्त काढायला सांगितलं, आणि चार दिवसांनी परत बोलावलं. लिव्हर सुजलीय, हाताला लागतेय, म्हणाले. रक्तातही बिघाड दिसतो. कावीळ वाटत नाही. मुंबईला मोठ्या रुग्णालयात दाखवा, तिथे पोटाचा फोटो काढतील आणि कदाचित सुई घालून लिव्हरचा बारीकसा तुकडा काढून तपासतील. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला लिव्हरचा आजार होता का?

"नाही," नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नाना खोटं बोलणारा माणूस नव्हता, ऑफिसातली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. पण पोटच्या पोरीसमोर भाऊ दारूने गेला हे परक्या माणसाला सांगणं त्यांना जमलं नाही. आणि खरं म्हणजे दारूचा आजार दहा वर्षांच्या पोरीशी जोडावा कसा, हे त्यांच्या तरी डोक्यात कुठून येणार. डॉक्टरांनी 'काही नाही' असं लिहिलं. एवढ्याशा दोन शब्दांनी आमच्या घराची एक पिढी आंधळी केली, असं मला आता वाटतं.

घरी येईपर्यंत त्या सगळ्याचं भाषांतर होऊन 'लिव्हर' एवढाच शब्द उरला होता. आमच्याकडे लिव्हर म्हणजे कावीळ, दुसरं काही नाही. डॉक्टर नाही म्हणाले असतील, पण डॉक्टरांना काय कळतंय. आणि काविळीचं पथ्य कुणाला शिकवावं लागत नाही. तेल बंद, हळद बंद, मासळी बंद. मऊ भात, साखरेची पेज, आणि उसाचा रस. एस.टी. स्टँडजवळ घुंगरांची रसवंती होती. रोज सकाळ-संध्याकाळ मी पितळी केटली घेऊन सायकलने जायची आणि बर्फ न घालता, लिंबू न पिळता काढलेला रस भरून आणायची. गरम होऊ नये म्हणून केटलीला ओलं फडकं गुंडाळायची. पावसाळा लागला आणि रसवंती बंद झाली तेव्हा आईने ग्लुकोजचे डबे आणवले, वर काकवी. विजूला बोंबलाशिवाय जेवण जात नसे, ती भाताच्या पेजेकडे बघून रडायची, पण रस मात्र आवडीने प्यायची. पेला रिकामा झाला की जीभ आत घालून तळ चाटायची. एवढ्या मायेने आम्ही तिचं यकृत चरबीने भरत होतो. आग लागलेल्या घरात रॉकेल ओतावं आणि वर पाणी ओतल्याचं समाधान मानावं, तसं ते होतं. आईला हे कळायच्या आत ती गेली, त्याबद्दल मी देवाची आभारी आहे.

मुंबईला न्यायचं की नाही, यावरून घरात दोन आठवडे धुसफूस चालली. नानांना सुईची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मुंबईच्या रुग्णालयात जे नाव लिहून देतील ते गावात यायला वेळ लागत नाही. दोन मुली आहेत, उद्या स्थळं यायची आहेत. लिव्हरची पोरगी कोण करणार, आणि तिच्यामुळे तिच्या बहिणीला कोण करणार. काकी सहसा नानांसमोर बोलत नसे. पण एका दुपारी जेवणं झाल्यावर ती पदर डोक्यावर सारखा करून दारात उभी राहिली.

"भावजी, मी हे पोट पाहिलंय," ती म्हणाली. "ह्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी उजवीकडे दुखायचं, हात लावला तर टणक लागायचं. तुम्ही मानू नका हवं तर, पण ह्यांनी कधी घेतली नाही. पोरीला मुंबईस न्या. मी येते संगती, मला ते दवाखाने ठाऊक आहेत."

शेवटी तोड निघाली ती अशी की आधी दामूबाबांची माळ घालायची. दामूबाबा खाडीपलीकडे राहायचे. काविळीची माळ देणारे म्हणून सगळ्या पट्टीत त्यांचं नाव. पैसे घेत नसत, एक नारळ आणि पानसुपारी. घेटुळीच्या हिरव्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे एकवीस तुकडे दोऱ्यात गाठीगाठीने बांधलेले, आणि त्याची एक लहानशी माळ, डोक्यावर टोपीच्या काठासारखी बसणारी. कावीळ उतरत जाते तशी माळ लांब होत जाते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि पोटाखाली आली की आजार गेला म्हणायचं. मी लहानपणापासून पाचसहा जणांच्या माळा उतरताना पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

दामूबाबांनी विजूच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, आणि बराच वेळ सुपारी चघळत बसले.

"डोळं पिवळं न्हाईत पोरीचं," ते म्हणाले. "माळ देतो, माळ द्यायला काय जातंय. पन सात दिसांत छातीच्या खाली उतरली न्हाय, तर ही कावीळ न्हाय. मंग माज्याकडं येऊ नका, मुंबयला न्या."

त्या माणसाला मी नंतर मनातल्या मनात किती वेळा नमस्कार केला आहे. शिकलेले आम्ही, आणि सरळ बोलला तो. नानांनी तिथेच शब्द दिला. सात दिवस बघू, नाहीतर सोमवारी मुंबई. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, म्हणून पनवेलवरून एस.टी.ने जायचं, आई आणि काकी दोघी जातील, महिनाभर लागला तरी राहतील, आणि घर, नानांचा डबा, गाय आणि वाडी सुलूने बघायची. सुलू म्हणजे मी. माझी डी.एड.ची मुलाखत त्याच बुधवारी पनवेलला होती. ती राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असं नाना सहज म्हणाले. ऑफिसची फाईल पुढच्या आठवड्यावर टाकावी इतक्या सहज.

माळ उतरेना. पहिल्या दिवशी डोक्यावर होती, तिसऱ्या दिवशी डोक्यावर, पाचव्या दिवशी कपाळाशी आली न आली. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना मला कोडं सुटलं. हिरव्या काड्या सुकल्या की आकसतात, आकसल्या की गाठी सैल पडतात, आणि माळ लांबते. त्यात कावीळ नसते आणि देवही नसतो. त्या आठवड्यात पाऊस असा मुरला होता की दांडीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं, तिथे काड्या कुठून सुकणार. पण तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की विजू रोज सकाळी उठून आरशात बघते, माळ तिथेच आहे हे बघून तिचा चेहरा उतरतो, आणि ती मला विचारते, सुई केवढी असते गो ताई? मी बोटाचं पेर दाखवायची. ती म्हणायची, नक्की एवढीच ना?

सहाव्या दिवशी दुपारी आई आणि काकी पुढच्या ओसरीवर सुपारी सोलत बसल्या होत्या. पातीवर सुपारी दाबल्याचा चरक चरक आवाज मागच्या पडवीपर्यंत येत होता. मी विजूला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरत होते. माळ काढायची नाही असा दंडक होता, पण तिच्याखाली केसांचा गुंता झाला होता, म्हणून मी ती उचलून मांडीत घेतली. फणी केसांत तशीच ठेवली. मग एकेक गाठ नखाने सैल केली. एकवीस गाठी. दोरा ओला होता, सहज सरकला. दोन्ही हातांनी माळ हलकेच ताणली आणि विजूच्या डोक्यावरून खाली सोडली. ती नाकावरून, गळ्यावरून येऊन थेट तिच्या छातीखाली बसली. विजू काही बोलली नाही. मी फणी उचलून वेणी घालायला घेतली. तिला सुई टोचू नये म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर सुईबरोबर बुधवारही होता, आणि कोणता आधी होता हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आईला रडू फुटलं. नाना ऑफिसातून आले ते माळ बघून वाडीत निघून गेले आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आले. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो आणि उतरत्या पाण्यात ती माळ सोडली. मागे वळून बघायचं नसतं, तरी मी बघितलं. घरी नारळाच्या दुधातली खीर झाली, विजूने तीन वाट्या खाल्ल्या. मुंबईची चिठ्ठी नानांनी पंचांगात ठेवून दिली. काकीने खीर केली, वाढली, आणि स्वतः घेतली नाही. भांडी घासताना तिने मला एकदाच विचारलं की रात्री तर कपाळावर होती, एका दुपारीत छातीखाली आली कशी. मी म्हटलं, येते कधी कधी अशी. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि पुढचं भांडं उचललं. बुधवारी मी पनवेलला गेले. माझी निवड झाली.

पुढचं मला लांबवायचं नाही. मी शिक्षिका झाले, लग्न होऊन पेणला गेले. विजूचं पोट अधूनमधून दुखायचं, पण कावीळ तर उतरलेली होती, मग लिव्हरला बरं म्हणून उसाचा रस चालूच राहिला. घरात तो औषधासारखा धरला होता. ती गावातच बालवाडीत शिकवायची, पोरांमध्ये पोर व्हायची. तिला स्थळं आली ती मानेवरून परत गेली. तिशी उलटली आणि एका गणपतीत मी माहेरी गेले तर तिचे पाय सुजलेले होते. काकी आता थकली होती, तिने नुसतं विजूच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. मुंबईला नेलं तेव्हा यकृत दगडासारखं झालं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने विजूला पहिला प्रश्न विचारला तो हा, की तुम्ही दारू घेता का? बालवाडीच्या बाईंना. विजू हसली, म्हणाली, रस घेते. गावाने मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. काकावर गेली, असं दबक्या आवाजात बोलणं मी आमच्याच ओसरीवर ऐकलं. बोलणाऱ्यांना अर्थ कळत नव्हता, पण बोलत होते ते खरं होतं.

शेवटच्या आठवड्यात ती रुग्णालयात होती आणि मी तिच्याजवळ. केसांचा गुंता झाला होता म्हणून मी तिला उशीला टेकवून विंचरायला घेतलं. थोड्या वेळाने ती डोळे न उघडता म्हणाली, "ताई, तू गाठी सैल केल्या होत्यास ना?"

माझी फणी केसांत तशीच राहिली.

"मला तेव्हाच कळलं होतं. विंचरता विंचरता तुझा हात थांबला होता. मी वाट बघत बसले होते, तू काय करतेस त्याची. मग म्हटलं, गप्प बसावं. मला सुई नको होती."

म्हणजे आम्ही दोघींनी मिळून केलं, असं तिला मला सांगायचं होतं. तिने अर्धं ओझं उचलायला हात पुढे केला होता. पण ती दहा वर्षांची होती आणि मी अठराची, आणि नोकरी मला लागली होती. मी तिची क्षमा मागितली नाही. मागितली असती तर तिने दिली असती, आणि तेच मला नको होतं. चार दिवसांनी ती गेली. तिचं वय एकतीस. काकी त्यानंतर वर्षभर जगली. तिच्या ट्रंकेतला आप्पाकाकांचा फोटो मी काढून आणला, पण तो लावायचा कुठे हे मला सुचेना, आणि तो माझ्या कपाटात पडून राहिला.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. सांगावं लागलं ते गेल्या मे महिन्यात. माझा मुलगा निखिल खारघरला असतो. त्याची मुलगी ओवी, आठ वर्षांची, सुट्टीत आई-बाबांबरोबर माझ्याकडे आली होती. आंघोळीच्या वेळी सुनेचा आवाज आला, "अगं थांब, किती मळ साचलाय मानेवर बघ." मी स्वयंपाकघरातून धावत गेले. सूनबाईच्या हातात कसलंसं विकतचं घासणं होतं, आणि ओवीच्या मानेमागे तोच पट्टा. मी सुनेचा हात धरला. बहुधा जोरात धरला असावा, कारण ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. ओवीसुद्धा काटकुळी, मध्ये तेवढं पोट. फ्रीजमध्ये तिच्या आवडीच्या फळांच्या रसाची खोकी ओळीने लावलेली. ताजा रस, मुलांना चांगला, म्हणून आणलेली.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतल्या, शांत. यकृतात चरबी साठायला लागलीय, म्हणाल्या, पण अजून सुरुवात आहे. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला लिव्हरचा आजार?"

"नाही, तसं काही..." निखिलने सुरुवात केली.

"हो," मी म्हटलं. "माझे काका आणि माझी बहीण. काका दारू पीत नव्हते."

ते शेवटचं वाक्य काकीच्या वतीने होतं. मी सगळं सांगितलं, आई-नानांचं नातं, ताट एक असून मी सुटले ते, रस, ग्लुकोज, काकवी. रसाचं ऐकताना बाईंचं लिहिणं थांबलं. त्या म्हणाल्या, काही घराण्यांत यकृतात चरबी धरून ठेवण्याचा गुण रक्तातून येतो, आईकडूनही आणि वडिलांकडूनही आला तर जास्त भोवतो. अंगाने जाडी असायलाच हवी असं नाही, मानेवरचा काळा पट्टा हीच त्याची खूण. आणि त्यात साखर पडत राहिली, विशेषतः पिण्यातली, की तो आजार पोसला जातो. ओवीचं वय लहान आहे, गोड पिणं थांबलं, हिंडणं-खेळणं वाढलं, तर बहुतेक मागे फिरेल. वेळेवर आलात. मी विचारलं, त्या वेळी माझ्या बहिणीला मुंबईला नेलं असतं तर? तेव्हा आम्हालाच फार माहीत नव्हतं, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, बहुधा खोटं बोलवेना म्हणून, म्हणाल्या, "रस तरी थांबला असता."

मला काही झालं नाही म्हणून मी सुटले असं समजत होते. ते माझ्यातून वाट काढून पुढे गेलं होतं. घरी आल्यावर निखिलने फ्रीज उघडून ती खोकी एकेक करून मोरीत ओतली. मी कपाटातून आप्पाकाकांचा फोटो काढला, पुसला, आणि माझ्या बाहेरच्या खोलीत नानांच्या फोटोशेजारी लावला. विजूचा आधीपासून होताच.

संध्याकाळी ओवी फणी घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसली. मी तिचे केस मोकळे करून पुढे घेतले, आणि मान दिसली. काळी, मऊ, रस ओतला म्हणून रुसलेल्या पोरीची मान.

"आजी, हात का थांबला तुझा?" तिने विचारलं.

मी पुन्हा फणी फिरवायला लागले. मग तिला म्हटलं, मला एक बहीण होती, तिचे केसही असेच गुंतायचे. एकदा तिला विंचरताना मी एक चूक केली होती. ती काय होती, ते तुला सांगते.